चार गाणी आणि त्यानंतरची शांतता

वार्षिक अंकासाठी लिहायचं तर आवडत्या पुस्तकावर किंवा आवडत्या कवीवर लिहावं, अशी रीत आहे. माझी अडचण अशी की, पाठ्यपुस्तकांखेरीज आमच्या घरात पुस्तकं आली ती मी महाविद्यालयात आल्यावर. त्याआधी कलेच्या नावाने जे काही घरात शिरलं ते कानांवाटे शिरलं. भजन आलं, हलगी आली, जागरण-गोंधळ आला. आणि चौथीची परीक्षा देऊन मी मोकळी झाले त्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१६ साली, चार गाणी आली. 'याड लागलं', 'आताच बया का बावरलं', 'सैराट झालं जी' आणि 'झिंगाट'. या चार गाण्यांविषयी मी लिहिणार आहे.

शहरातली मुलं लहानपणी ऐकलेल्या रॉक बँडविषयी बोलतात. त्यांच्या तबकड्या, त्यांचे अल्बम, त्यातलं कुठलं गाणं आधी आणि कुठलं नंतर, यावर वाद घालतात. आमच्या नातेपुत्यात बँड म्हणजे वरातीपुढे चालतो तो. झगमगीत टोप्या घातलेला, नवरदेवाच्या घोड्याला बुजवणारा. तरीही कुणी मला आवडता बँड विचारला, तर मी बिनदिक्कत अजय-अतुल असं सांगेन. दोघेच भाऊ आहेत, पण बँडच्या बँड अंगावर यावा असा त्यांचा आवाज आहे. आणि आवडता अल्बम विचारला, तर 'सैराट'.

ही गाणी आम्ही विकत घेतली नाहीत. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं की दुकानदार त्यात गाणी भरून द्यायचा. थोरल्या मामाच्या चायना मोबाईलमध्ये ती आली आणि मग त्या मोबाईलला उसंत म्हणून राहिली नाही. पुढे उसाचा हंगाम सुरू झाल्यावर कारखान्याकडे जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवर 'झिंगाट' वाजू लागलं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी ट्रॅक्टर ओळखायची. गाणं लांबून येई, जवळ येताना भिंती थरथरायच्या, आणि भरलेल्या ट्रॉल्या पुढे सरकल्या की गाणं पुण्याच्या किंवा पंढरपूरच्या अंगाला विरून जाई. एका ट्रॅक्टरचं कडवं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होत असे. लग्नात तेच, हळदीला तेच, गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवर तेच. आम्ही पोरं नाचायचो. मोठी माणसंही नाचायची. आमच्या गल्लीत एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी दोन घरं एका हळदीत 'झिंगाट'वर एकत्र नाचलेली मी पाहिली आहेत. सकाळी ती पुन्हा पहिल्यासारखी झाली, ही गोष्ट वेगळी.

या गाण्यांशी आमचं आणखी एक नातं होतं, ते म्हणजे तालुक्याचं. 'आर्ची' झालेली रिंकू राजगुरू ही अकलूजची, म्हणजे आमच्याच माळशिरस तालुक्यातली. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. चित्रीकरणही बरंचसं त्याच करमाळ्याच्या परिसरात झालं. चित्रपट आधी फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, रिंकूच्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये विशेष उल्लेख झाला, आणि २९ एप्रिल २०१६ रोजी तो सगळीकडे लागला. शंभर कोटींहून अधिक कमाई करणारा तो पहिला मराठी चित्रपट. हे आकडे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. आम्हाला एवढंच कळत होतं की, पडद्यावरची मुलगी आपल्यासारखं बोलते. शाळेत बाई आमचं बोलणं सुधारत होत्या, आणि सगळा महाराष्ट्र मात्र आमच्यासारखं बोलून बघत होता.

मोठेपणी, म्हणजे गेल्या दोन वर्षांत, मी या गाण्यांमागची माहिती गोळा केली. अजय आणि अतुल गोगावले यांचे वडील महसूल खात्यात नोकरीला. त्यांच्या बदल्यांबरोबर या भावांचं बालपण शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशा गावांतून गेलं. घरात संगीताची परंपरा नव्हती, रीतसर शिक्षणही नव्हतं. इलयाराजांना ते गुरुस्थानी मानतात. 'जोगवा'च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'नटरंग'ने त्यांना घरोघर नेलं. आणि 'सैराट'च्या वेळी त्यांनी एक अजब गोष्ट केली. गाण्यांतला पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग त्यांनी थेट अमेरिकेत, लॉस एंजलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन ध्वनिमुद्रित केला. हॉलिवूडच्या चित्रपटांचं संगीत जिथे वाजवलं जातं, तिथे समोर स्वरलिपी ठेवून तिथल्या वादकांनी करमाळ्याकडच्या एका पोराच्या प्रेमाची गाणी वाजवली. तिथे ध्वनिमुद्रण झालेला हा पहिला भारतीय चित्रपट, असं सांगतात.

हे वाचलं तेव्हा प्रथम हसू आलं. एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि शेवटी ते ऐकलं कुणी, तर चायना मोबाईलच्या फुटक्या स्पीकरवर आम्ही! मग मी कानात इअरफोन घालून, एकटीने, 'याड लागलं' पुन्हा ऐकलं. लहानपणी ऐकू आला होता तो फक्त अजयचा आवाज आणि ठेका. आता त्यामागे व्हायोलिनांचा सगळा ताफा उठताना ऐकू आला. आवाज एकदम वर चढत नाही. उन्हाळ्यात कॅनॉलला पाणी सुटल्यावर आधी तळ ओला होतो, मग काठ दिसेनासा होतो, तसा तो भरत येतो. चित्रपटात या गाण्यात परश्या बापाच्या होडीतून पाण्यात उडी घेतो, पोहत काठाला येतो आणि ती विहिरीवर आली आहे म्हणून धावत सुटतो. मासे धरणाऱ्याचा पोरगा तो. त्याच्या धावण्यामागे आजवर कुणी असा वाद्यवृंद उभा केला होता? असलं संगीत हिंदी चित्रपटांत बागबगीच्यांतल्या, बर्फातल्या, श्रीमंत घरांतल्या प्रेमाला मिळायचं. इथे ते एका होडीवाल्याच्या घरातल्या मुलाला मिळालं. त्याचं प्रेम इतर कुणाच्याही प्रेमाइतकंच मोठं आहे, हे संवादात कुठेही सांगितलेलं नाही. ते व्हायोलिनांनी सांगितलं आहे. तो खर्च त्यासाठी होता, असं मला वाटतं.

'आताच बया का बावरलं' श्रेया घोषाल यांनी गायलं आहे. हे गाणं मुलीच्या बाजूने आहे. मुलीला कुणी आवडू शकतं आणि ते ती स्वतःशी आनंदाने कबूल करू शकते, हे आमच्या गल्लीत मोठ्याने म्हणायची सोय नव्हती; पण ते गाणं आयाबायासुद्धा भाकरी थापताना गुणगुणत होत्या. 'सैराट झालं जी'मध्ये चिन्मयी आणि अजय यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. आणि मग 'झिंगाट'.

चित्रपट मात्र मी लहानपणी पुरता पाहिला नव्हता. घरच्यांनी थिएटरला नेलं नाही. पुढे टी.व्ही.वर लागला तेव्हा सगळं घर बसलं होतं. 'झिंगाट' संपलं, थोड्या वेळाने आर्ची-परश्याला पकडलं, मारहाण सुरू झाली, आणि आमच्या चुलत्यांनी चॅनेल बदललं. "फुडं काय न्हाय बगण्यासारखं," ते म्हणाले. त्यामुळे कितीतरी वर्षं माझ्यासाठी 'सैराट' म्हणजे ती चार गाणीच होती. पुढची गोष्ट ऐकीव होती, आणि ती प्रत्येक घरात निराळी सांगितली जाई. आमच्याकडे ती "म्हणून पोरींनी नीट राहावं" अशी संपायची.

'सैराट' हा शब्द आमच्या बोलीत आधीपासून आहे. दावं तोडून उधळलेल्या जनावराला, आवर नसलेल्या धावण्याला तो वापरतात. चित्रपटानंतर त्याला नवा अर्थ चिकटला. मुलगी पळून गेली की 'सैराट', दोघांना घरच्यांनी मारून टाकलं तरी बातमीचा मथळा 'सैराट'. पळणाऱ्यालाही तोच शब्द आणि कापणाऱ्यालाही तोच! आणि घराघरांत तो एक धाक होऊन बसला. माझ्या आत्याची मुलगी माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. तिच्या वह्या वापरून मी गणित शिकले. बारावीला असताना एस.टी. स्टँडवर ती वर्गातल्या कुणाशी तरी बोलताना दिसली, असं कुणीतरी घरी येऊन सांगितलं. त्यात तथ्य किती होतं, कुणी विचारलं नाही. "उगं सैराट व्हायला नको," एवढं एकच वाक्य त्या घरात महिनाभर फिरत राहिलं. परीक्षा होऊन निकाल लागायच्या आत, तिला अठरावं संपताच, २०१९ च्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. माणसं चांगली मिळाली, ती सुखात आहे, हेही सांगायला हवं. पण निकाल लागला तेव्हा गुणपत्रिका आणायला ती नव्हती. मी आणि आत्या गेलो.

त्या लग्नाच्या वरातीत डॉल्बी होता आणि डॉल्बीवर अर्थातच 'झिंगाट' होतं. ज्या चित्रपटाच्या धास्तीने ते लग्न घाईघाईने उरकलं, त्याच चित्रपटाच्या गाण्यावर सगळी सोयरीक नाचली. मीही नाचले. त्यात कुणालाच काही विसंगत वाटलं नाही. गाणं एका खोलीत आणि त्याची गोष्ट दुसऱ्या खोलीत, मध्ये भिंत, अशी आम्ही वाटणी करून घेतली होती.

ती भिंत माझ्यापुरती गेल्या वर्षी पडली. मराठीच्या तासाला सरांनी वास्तववादावर बोलताना 'सैराट'चा उल्लेख केला आणि विचारलं, "किती जणांनी शेवटपर्यंत पाहिलाय?" त्या आठवड्यात मी मोबाईलवर सगळा पाहिला. पहिल्यांदा लक्षात आलं ते गाण्यांचं स्थान. चारही गाणी पूर्वार्धात आहेत, आणि शेवटचं गाणं 'झिंगाट' आहे. ते कुठे आहे? आर्चीच्या भावाच्या, प्रिन्सच्या वाढदिवसाला, तिच्या वाड्यापुढे. जो प्रिन्स भर वर्गात मराठीच्या प्राध्यापकांच्या थोबाडीत मारतो, त्याच्या वाढदिवसाचा हा आनंद. ज्या अंगणात परश्याला एरवी कुणी उभं केलं नसतं, तिथे तो आणि त्याचे मित्र बेभान नाचतात, वरून ती बघते, खाली येते, नाचते. आणि त्याच रात्री ते पकडले जातात. म्हणजे आपण गेली कित्येक वर्षं वरातीत ज्यावर नाचतो, ते त्या दोघांच्या सुखाचं शेवटचं गाणं आहे. त्यानंतर ती पळतात, हैदराबादला जातात, झोपडपट्टीत राहतात, राबतात, भांडतात, संसार उभा करतात, त्यांना मूल होतं. पण त्यांच्या आयुष्यात पुन्हा गाणं येत नाही. सुख येतं, गाणं येत नाही. पुढे कडवं असेल, अशी वाट पाहत आपण बसतो.

आणि शेवटी माहेरची माणसं येतात. आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन येतात. चहा होतो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं मूल परत येतं, आत जातं, आणि रडत बाहेर येतं. त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. या सगळ्याला आवाज नाही. रडणं दिसतं, ऐकू येत नाही. मी मोबाईलचा आवाज वाढवून बघितला. इअरफोन निघाला असेल, म्हणून चाचपला. मग कळलं की आवाज मुद्दाम काढून घेतलेला आहे. ज्या चित्रपटासाठी अमेरिकेतून वाद्यवृंद वाजवून आणला, त्याने शेवटी आपल्या हातातलं सगळं खाली ठेवलं. पावणेतीन तासांहून अधिक काळ चाललेल्या त्या संगीताचा हाही एक भाग आहे, असं मी आता मानते. अल्बममध्ये चार गाणी आहेत. पाचवी ही शांतता आहे. ती कुणाच्या मेमरी कार्डात कधी भरली गेली नाही.

ही कल्पित गोष्ट, असं म्हणून बाजूला सारता आली असती. पण करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात, खर्डा या गावी, २८ एप्रिल २०१४ रोजी दलित कुटुंबातल्या सतरा वर्षांच्या एका शिकत्या मुलाला ठार मारण्यात आलं. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी त्याचं बोलणं आहे, एवढा संशय त्याला पुरला. 'सैराट' लागला तो त्यानंतर दोन वर्षं आणि एका दिवसाने. २०१७ साली त्या खटल्याचा निकाल लागला. अनेक साक्षीदार उलटले होते, आणि आरोपी निर्दोष सुटले. ज्यांनी पाहिलं असं सांगितलं जात होतं, त्यांनी पाहिलं नाही असं सांगितलं. हीही एक शांतताच. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना निवडलं तर घराची, भावकीची किंवा जातपंचायतीची संमती लागत नाही, आणि अशा जोडप्यांना संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे. कायदा बोलला. पण कायद्यापुढे बोलायला गावातून कुणी उभं राहावं लागतं.

शांततेचा दुसरा एक प्रकार मला लहानपणापासून माहीत आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटण, बरड करत सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि पहिला मुक्काम नातेपुत्याला करते. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या गोळा होतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, कान भरून जातात. मग चोपदार आपला दंड वर उचलतात, आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही, इतकी ती शांतता दाट असते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तिच्यावर अन्याय झाला असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळा तळ गप्प असताना त्या एकाच कोपऱ्यातून टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, आणि तिची दखल घेतल्यावरच आरती होते. इतके लोक गप्प होतात ते एकाचं ऐकू यावं म्हणून.

'सैराट'चा शेवट मला त्या उचललेल्या दंडासारखा वाटतो. खर्ड्याची शांतता तोंड दाबणारी होती. ही कान उघडणारी आहे. चार गाण्यांनी आपल्याला एकत्र जमवलं, नाचवलं, सगळ्या जातींची, सगळ्या गल्ल्यांची माणसं एका ठेक्यावर आणली. आणि मग दंड वर गेला. आता कुठल्या कोपऱ्यातून टाळ वाजतोय ते ऐका, असं कुणी म्हणावं तशी ती दोन-तीन मिनिटं आहेत. आणि आपण तेवढ्यात चॅनेल बदललं.

काही जण म्हणतात, गाण्यांनी चित्रपटाचा घात केला. लोकांनी गाणी घेतली आणि म्हणणं टाकून दिलं. आमच्या वर्गातही यावर वाद झाला. मला हे पटत नाही. गाणी नसती तर ती शांतता कुणाला टोचली असती? पेपरातल्या बातमीत मरणारी दोघं आपली कुणी नसतात. आर्ची-परश्या आपले झाले ते व्हायोलिनांमुळे, हलगीमुळे, त्या चार गाण्यांमुळे. त्यांच्यावर जीव बसल्यावरच त्यांचा आवाज गेल्याचं कळतं. २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' आला, त्यातही 'झिंगाट' होतं आणि तेही गाजलं. गाणं कुठेही नेता येतं. पण गाण्याच्या पोटात काय आहे, ते जिथलं तिथल्यांनीच सांगायला हवं. आणि इथले म्हणजे आपणच आहोत.

आताही 'झिंगाट' लागलं की माझे पाय हलतात. ते थांबवावेत, असं मला वाटत नाही. त्या पोरांनी परक्या अंगणात मिळवलेला तो आनंद खराच होता. फक्त आता नाचताना त्या अंगणाची मला ओळख असते, आणि गाणं संपल्यावर पुढचं गाणं लावायची मी घाई करत नाही.

आत्याच्या मुलीची मुलगी आता पाच वर्षांची आहे. तिला 'झिंगाट' तोंडपाठ आहे आणि ते लागलं की ती जेवणाचं ताट सोडून उठते. ती अकरावीत गेली की मी तिला चित्रपट दाखवणार आहे, तिच्या आईलाही बरोबर बसवून. तिच्या आईनेही तो शेवटपर्यंत पाहिलेला नाही. शेवटी आवाज गेला म्हणून दोघींपैकी कुणाचा हात रिमोटकडे गेला, तर तो मी धरून ठेवीन.